एकाहत्तर हजार की एकोणतीस हजार? जुन्या स्विफ्टची दोन एस्टिमेट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, १ लाख १२ हजार किलोमीटर, घरातली एकच गाडी, रोज वारजे ते मगरपट्टा. स्पीडब्रेकरवर पुढून खटखट येते, चढाला गाडी ओढत नाही आणि गेल्या महिन्यात दोनदा सकाळी बॅटरी बसली. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ७१,४०० रुपयांचं छापील एस्टिमेट दिलं. सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि वहीच्या कागदावर २९ हजार लिहून दिले. एवढा फरक कसा, फसवतंय कोण आणि तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत एवढा पैसा घालावा का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडलो. पहिली बारा वर्षं डीलरच्या वर्कशॉपमध्ये काढली, आधी रॅम्पवर मेकॅनिक म्हणून आणि मग गिऱ्हाईकाला एस्टिमेट लिहून देणारा सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून. गेली सतरा वर्षं कर्वेनगरात माझं स्वतःचं गॅरेज आहे. तुमच्या हातात आहे तसलं छापील एस्टिमेट आणि तसली वहीतली चिठ्ठी, दोन्ही मी माझ्या हाताने हजारो वेळा लिहिली आहेत.

तुमच्या दोन आकड्यांमध्ये मला फसवणूक दिसत नाही. ते एकाच कामाचे आकडेच नाहीत. सर्व्हिस सेंटरने आठ कामं लिहिली आहेत. चिठ्ठीवर ‘क्लच, शॉकप, बुश, सर्व्हिस, किरकोळ’ एवढंच आहे. खालच्या बेरजा शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. एकेक ओळ समोर घ्यायची आणि विचारायचं, हा पार्ट खराब आहे हे कोणी, कसं तपासलं? जुन्या गाडीचा खर्च ठरतो तो या तपासणीत. दुकान कुठलं, हा त्यानंतरचा प्रश्न.

सर्व्हिस सेंटर महाग का, ते आधी सांगतो, कारण त्यात निव्वळ लूट आहे असं मानणं त्यांच्यावर अन्याय आहे. तिथे मजुरी कंपनीच्या तक्त्यावरून लागते. अमुक कामाला अमुक तास, तासाला अमुक दर. मेकॅनिकने काम लवकर संपवलं तरी तुम्हाला तक्त्यातलेच तास लागतात आणि बोल्ट गंजून अडकला, दुप्पट वेळ गेला, तरी बहुतेक वेळा तेवढेच लागतात. वर जागेचं भाडं, कंपनीने घ्यायला लावलेली हत्यारं, गाडीतल्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर, गाडी धुतलेलं पाणी साफ करायची यंत्रणा, रिसेप्शनवरची माणसं. हे सगळं त्या तासाच्या दरात बसवलेलं असतं.

दुसरं कारण मोठं आहे. तिथे पार्ट दुरुस्त करत नाहीत, बदलतात. रॅम्पवरच्या पोराला अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) खोलून ब्रश बदलायला शिकवलेलंच नसतं, कारण कंपनीला त्या कामाची हमी द्यायची नसते. नवा अल्टरनेटर बसवला की हमी कंपनीची, जबाबदारी संपली. तीन-चार वर्षांच्या गाडीला हे बरोबरच आहे. चौदाव्या वर्षी मात्र प्रत्येक पार्ट थोडाथोडा झिजलेला असतो आणि ‘झिजला म्हणजे बदला’ हा नियम लावला तर एस्टिमेट गाडीच्या किमतीच्या दिशेने चालू लागतं.

आता तुमच्या ओळी बघू.

स्टिअरिंग रॅक, ११,५०० रुपये. या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या खटखटीचं खरं उत्तर इथे असावं असं मला वाटतं आणि ते रॅकमध्ये नसावं असंही वाटतं. रॅक म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत पोचवणारा पार्ट. पुढून येणारा आवाज रॅकचा, लिंक रॉडचा, लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशचा, त्याच्या चाकाकडच्या गोल सांध्याचा म्हणजे बॉल जॉइंटचा किंवा शॉकपच्या वरच्या माउंटिंगचा असू शकतो. आत बसलेल्या माणसाला सगळे सारखेच ऐकू येतात. वेगळे करायचे ते हाताने.

गाडी पिटवर घ्यायची, चाकं जमिनीवरच, इंजिन बंद. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच झटक्याने हलवायचं. मी खाली उभा राहून टाय रॉडच्या रबरी बुटावर चार बोटं ठेवतो. रॅक सैल असेल तर प्रत्येक झटक्याला आतून ‘टक’ असा ठोका बोटांना लागतो, कानाला ऐकू यायच्या आधी लागतो. तो लागला नाही तर हात लिंक रॉडवर न्यायचा. करंगळीएवढी जाड दांडी असते, दोन टोकांना बॉल. मुठीत धरून पुढे-मागे हलवली की झिजलेली दांडी खुळखुळ्यासारखी वाजते. मग टॉमी म्हणजे लोखंडी कांब घेऊन लोअर आर्म आणि क्रॉसमेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या पट्टीच्या) मध्ये घालून हलकेच उचलायचं. बुश फाटलेलं असेल तर रबराची चीर उघडते आणि डोळ्यांना दिसते. हे सगळं करायला दहा-बारा मिनिटं लागतात.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई तुमच्यासारखीच गाडी घेऊन आल्या. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना रॅक बदलायला सांगितला होता. दोन्ही लिंक रॉड हातात खुळखुळत होते. दोन्ही बदलले, मजुरीसकट दीड हजाराच्या आत काम झालं आणि त्या सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून गाडी फिरवून समाधानाने घरी गेल्या. तुमच्या गाडीचंही हेच निघेल असं मी इथे बसून छातीठोक म्हणणार नाही. पण लिंक रॉड तुमच्या एस्टिमेटमध्ये नाहीच, याचा अर्थ मला एकच दिसतो. कोणीतरी आवाज ऐकून थेट महागड्या पार्टपर्यंत गेलंय. रॅक बदलायचं म्हणणाऱ्याला सांगा, ‘मला खाली उभं करा आणि तो ठोका माझ्या बोटांना दाखवा.’ खरंच रॅक गेला असेल तर तो आनंदाने दाखवेल.

लोअर आर्म दोन, ६,४०० रुपये. फक्त बुश फाटले असतील तर लेथवाल्याकडे किंवा ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे त्याच्याकडे जुने काढून नवे बसवता येतात, दोन्ही बाजूंचं काम दोन हजारांत होतं. बॉल जॉइंटमध्ये प्ले म्हणजे सैलपणा असेल तर मात्र पूर्ण आर्मच घ्या. काही ठिकाणी जुना बॉल जॉइंट ठोकून, वेल्डिंग करून ‘टाइट’ करून देतात. ते कधीही करू नका. बॉल जॉइंट निसटला तर चाक जागच्या जागी वाकडं पडतं आणि ते घाटात झालं तर पुढचं मी लिहायला नको.

शॉकप दोन, माउंटिंगसकट ९,३०० रुपये. बाहेरून तेल ओघळलेलं दिसत असेल तर बदला, आणि दोन्ही बदला. नुसता ओलसरपणा, धूळ चिकटलेली, एवढ्यावर बदलू नका. कंपनीच्या खोक्यातला घ्या किंवा गॅब्रिएलसारख्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या, चालेल. भरून दिलेले जुने शॉकप घेऊ नका. सस्पेन्शनला हात लागला की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, ते दोन्हीपैकी एकाही हिशोबात दिसत नाही, ते विचारा.

अल्टरनेटर, ९,८०० रुपये. बॅटरी दोनदा बसली म्हणून हा लिहिलेला दिसतो. बॅटरी बसण्याची तीन कारणं असतात: बॅटरीच म्हातारी झाली, अल्टरनेटर चार्ज करत नाही, किंवा गाडी बंद असताना कुठेतरी करंट गळतोय. पहिली दोन तपासायला तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आले पाहिजेत. चालू इंजिनला आकडा साडेबारावरच राहिला किंवा खाली उतरत गेला तर अल्टरनेटरचा दोष. पण व्यवस्थित चौदा दाखवत असेल आणि बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, तर नवा अल्टरनेटर बसवूनही गाडी एक दिवस सकाळी चालू होणार नाही.

अल्टरनेटर खरंच चार्ज करत नसेल तरी तो फेकण्याची गरज बहुधा नसते. आत कार्बनचे दोन ब्रश असतात, झिजून झिजून ते नखाएवढे उरतात. बेअरिंग असतात, ते घरघर करतात. रेक्टिफायर असतो, त्यातला डायोड जातो. शहरात अल्टरनेटर आणि स्टार्टर एवढंच काम करणारे जुने ऑटो-इलेक्ट्रिशियन आहेत, ते हे सगळं खोलून दीड-अडीच हजारांत उभं करतात आणि सहा महिन्यांची तोंडी हमी पाळतात. वाइंडिंगच जळलं असेल तर मात्र नवा घ्यावा, भरून घेतलेल्या वाइंडिंगचा माझा अनुभव चांगला नाही.

क्लच, १२,६०० रुपये. चढाला ओढत नाही याचं कारण क्लच असू शकतं. ते घरच्या घरी पडताळता येतं. चांदणी चौकाच्या चढाला, मागे गाडी नाही असं बघून, चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झर्रकन वर गेला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. काटा आणि वेग दोन्ही मंदच असतील तर क्लच ठीक आहे आणि रोग दुसरीकडे आहे, मग एअर फिल्टर आणि प्लग बघा. आणखी एक गोष्ट बघा, जी कोणीच बघत नाही: दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय आणि तोच गाडीला मागे ओढतोय. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना साफ करून ग्रीस लावण्याचं काम काहीशे रुपयांचं आहे. त्यासाठी क्लच उघडला गेलेला मी पाहिलाय.

क्लच घसरतोय हे नक्की झालं तर मात्र इथे पैसे वाचवू नका. या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची. एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील आणि ॲक्सलची सीलंही बदला. सीलं काहीशे रुपयांत येतात. ती वाचवली आणि चार महिन्यांनी क्लच प्लेटवर तेल आलं तर सगळी मजुरी पुन्हा. गॅरेजवाल्याला विचारा की त्याच्या २९ हजारांत सीलं धरली आहेत का. माझ्याकडे हे पूर्ण काम कंपनीचा किंवा व्हॅलिओसारखा सेट घालून साडेआठ-नऊ हजारांत होतं. सर्व्हिस सेंटरचा दर यापासून फार लांब नाही. क्लच त्यांच्याकडे करावासा वाटला तर करा, माझी हरकत नाही.

पुढच्या डिस्क आणि पॅड, ६,९०० रुपये. पॅड झिजले असतील तर बदला, चांगल्या कंपनीचे घ्या. डिस्कवर कमीत कमी जाडी किती चालते ते कोरलेलं असतं. व्हर्निअर लावून मोजायला सांगा. जाडी शिल्लक असेल आणि नुसते ओरखडे असतील तर डिस्क लेथवर साफ होते, आणि मर्यादेखाली गेली असेल तर नवीच.

नियमित सर्व्हिस, ८,२००. ठीक आहे. गॅरेजमध्ये हीच पाच हजारांच्या आसपास होईल. तुमच्या इंजिनात साधारण तीन लिटर तेल बसतं, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, ड्रममधलं सुटं तेल नको.

शेवटची ओळ ६,७०० ची: इंजिन डीकार्बनायझिंग, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग. ही पूर्ण खोडा. मी ॲडव्हायझर होतो तेव्हा याच गोष्टींचं मला महिन्याचं टार्गेट असायचं. रोज संध्याकाळी मॅनेजर विचारायचा, आज किती कोटिंग विकली. समोरच्या पोराला दोष देऊ नका, त्याचा पगार त्यावर आहे. पण एसीला वास येत नसेल तर केबिन फिल्टर बदलणं पुरतं, आणि चौदा वर्षांच्या गाडीला गंजावरून कोटिंग मारलं तर गंज आतल्या आत वाढतो आणि दिसेनासा होतो.

आता चिठ्ठीकडे वळू, कारण माझ्याच धंद्यातल्या लोकांनी केलेलं नुकसानही मी रोज निस्तरतो. २९ हजार हा आकडा मला वाजवी वाटतो. वरची कामं मी माझ्या दराने जोडली, शॉकप धरून, रॅक वगळून, तर अठ्ठावीस-एकोणतीसच होतात. पण चिठ्ठीवर पार्टच्या कंपनीचं नाव नाही. क्लच सेट कुठला? शॉकप कुठले? ‘किरकोळ’ म्हणजे काय? चांगला गॅरेजवाला या प्रश्नांनी चिडत नाही. त्याने प्रत्येक पार्टसमोर कंपनीचं नाव आणि किंमत लिहून द्यावी, जुने पार्ट पिशवीत घालून परत द्यावेत आणि बिल द्यावं. आज गाड्यांच्या पार्टवर आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. मोह आवरा. क्लच तीन महिन्यांत गेला तर ग्राहक आयोगासमोर ठेवायला तुमच्याकडे तो कागदच असतो. छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणीची गरज नसेल तरी साधं छापील बिल, तारीख आणि किलोमीटर लिहून, देता येतंच.

गॅरेजमध्ये होणारं सगळ्यात महागडं नुकसान मी सांगितलं तर तुम्हाला किरकोळ वाटेल: रेडिएटरमध्ये साधं पाणी. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं, जड आणि क्षारांचं. गॅरेजमधलं पोरगं कूलंट कमी दिसलं की नळी लावून टाकी भरतं. दोन वर्षांत वॉटर पंपाची पाती खाऊन जातात, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. मग एखाद्या मे महिन्यात खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा लालमध्ये जातो आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, उडतं. मागच्या उन्हाळ्यात अशी एक गाडी टोइंग करून आली, रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत गंजलेलं, चहासारखं पाणी. दोनशे-तीनशे रुपयांच्या कूलंटवाचून त्या माणसाचे बत्तीस हजार गेले. तुमच्या गाडीचं झाकण थंड इंजिनवर उघडून बघा. रंगीत, स्वच्छ द्रव दिसला पाहिजे. आणि कोणी ‘टायमिंग बेल्ट बदलायला झालाय’ म्हणाला तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. तुमच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही.

पार्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी बचत इथेच आहे. कार कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. बेअरिंग एसकेएफ बनवते, तिचा कारखाना चिंचवडला. गॅब्रिएलचे शॉकप चाकणला बनतात. असे पुरवठादार कार कंपनीला माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. दर्जा तोच, छापील किंमत बऱ्याचदा कमी. त्याच्या खालचा, नाव-गाव नसलेला ‘लोकल’ माल ही तिसरी जात, आणि कार कंपनीच्या नावाचा बनावट खोका ही चौथी. नाना पेठेत या चारही जाती एकाच गल्लीत मिळतात. नाना पेठेला वाईट म्हणायचं कारण नाही, माझे निम्मे पार्ट तिथूनच येतात. पण मी पंचवीस वर्षं ज्या दोन-तीन दुकानांत जातो तिथेच जातो, आणि पक्कं बिल घेतो. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर ब्रेकचे पॅड, बॉल जॉइंट, टाय रॉड असा जिवाशी गाठ असलेला माल तिथे घासाघीस करून घेऊ नका. सरळ कार कंपनीच्या अधिकृत पार्ट-काउंटरवर जा, चेसिस नंबर सांगा, छापील किमतीला पार्ट घ्या आणि तुमच्या गॅरेजवाल्याकडून बसवून घ्या. त्या काउंटरवर कोणालाही माल मिळतो. ओरिजिनल पार्ट आणि गॅरेजची मजुरी, हा जुन्या गाडीसाठी सगळ्यात किफायतशीर मेळ आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात.

हे पूर्वी एवढं सोपं नव्हतं. कित्येक कंपन्या पार्ट आणि स्कॅनर फक्त आपल्या डीलरला देत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच मुद्द्यावर १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं. माझ्यासारख्याला त्या आदेशाने पहिल्यांदा कोणीतरी आपल्या बाजूने बोललं असं वाटलं, एवढं मात्र खरं.

याचा अर्थ सर्व्हिस सेंटरची पायरीच चढू नका असा नाही. काही कामं मी स्वतः तिकडे पाठवतो. एअरबॅगचा दिवा लागला, पाठवतो. किल्ली हरवली आणि इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) कोड करायचाय, पाठवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आतलं काम, पाठवतो. आणि कंपनीने गाडी परत बोलावली असेल तर गाडी वीस वर्षांची असली तरी तिकडेच जा, ते काम फुकट असतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण घ्या. आतल्या इन्फ्लेटरमधलं रसायन उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसावर उडू शकतात. त्यासाठी होंडाने भारतात जुन्या सिटीसकट अनेक गाड्या परत बोलावल्या. एरंडवण्याच्या माझ्या एका गिऱ्हाईकाची जुनी सिटी होती, डीलरकडे जायचंच नाही अशी त्यांनी शपथ घेतलेली. मी त्यांच्या मागे लागून लागून पाठवलं. एक पैसा लागला नाही. तुम्हीही एकदा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा, काही बाकी आहे का.

ठोकाठोकीचं काम असेल तर विम्याचा हिशोब वेगळा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्केच. म्हणजे क्लेम मंजूर होऊनही निम्मे पार्ट तुमच्याच खिशातून. अशा वेळी लहान डेंट असेल तर क्लेमच्या फंदात न पडता चांगला डेंटर-पेंटर गाठलेला बरा.

आता शेवटचा प्रश्न, पैसे घालावेत का. तुम्ही लिहिलंय की गाडी एक्स्चेंजमध्ये दिली तर पावणेदोन लाख मिळतायत. दुरुस्तीचे अठ्ठावीस हजार त्या किमतीशी ताडून पाहू नका, त्याने चुकीचं उत्तर येतं. पुढे किती महिने चालवणार ते धरा. तुमच्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईल. मग आरटीओत फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल. त्याची कारची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे, आधी ती ६०० होती, आणि पर्यावरण कर वेगळा. ती तपासणी पास व्हायची म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन ठीक पाहिजे. आज कराल ते काम तेव्हाही उपयोगी पडणार आहे. नूतनीकरण करून आणखी तीन वर्षं गाडी ठेवणार असाल तर अठ्ठावीस हजार म्हणजे महिन्याला आठशे रुपयेही नाहीत. नव्या गाडीचा हप्ता त्यात एक आठवडाही निघणार नाही. सहा महिन्यांत विकायचीच असेल तर मात्र लिंक रॉड, बुश, बॅटरी, ब्रेक एवढंच करा आणि क्लच पुढच्या मालकासाठी ठेवा, त्याला सांगून.

या सगळ्याला एक अट आहे, आणि ती दोन्ही एस्टिमेटमध्ये नाही. बॉनेट उघडा. दोन्ही बाजूंना शॉकपचं वरचं टोक जिथे बसलंय, तिथला पत्रा हाताने चाचपा. मग गाडी पिटवर असताना दोन्ही दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या ॲक्सलच्या जोडाजवळचा पत्रा पाना उलटा धरून हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला आणि वरवरचा तांबूसपणाच असेल तर काम सुरू करा. आवाज बोदा आला, पापुद्रे सुटले किंवा पाना आत गेला, तर क्लच उघडायला सांगू नका, पावणेदोन लाख घ्या.